सावडीचं गणित

माझ्या पुतण्यानं परभणीत नवं घर बांधलं, तेव्हा गावाकडच्या गोठ्यात वाशाला टांगलेली पेरणीची जुनी तिफण काढून आणली, तिला वॉर्निश मारलं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर चढवली. वर पिवळा दिवा. येणारा पाहुणा आधी दिवा बघतो, मग तिफण, मग विचारतो, "आजोबांची का?" पुतण्या खुशाल हो म्हणतो. मी तिथंच सोफ्यावर बसलेली असते. या घरात जुन्या गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाच्या डोहाळजेवणात कोण मांडवातून उठून गेलं, सगळं माझ्याकडून वदवून घेतात आणि हसतात. तिफणीची गोष्ट मात्र मी दरवेळी थोडी कमी कमी सांगत आले, आणि आता ती आखूड होत होत "हो, जुनी आहे" एवढ्यावर आली आहे. ती तिफण आमची नाही. लिंबाजीमामांची आहे. ती आमच्या गोठ्यात कशी राहिली ते आता लिहूनच ठेवते, कारण सांगायला बसले की मी मधेच काहीतरी विनोद करून निसटते. ही सवय मला तरुणपणापासून आहे, आणि तिच्याइतकीच दुसरी एक सवय होती, वाचलेलं लगेच कुणावर तरी लावून बघायची.

पिंगळीच्या स्टेशनापासून दीड कोसावर आमचं गाव. सहा एकर काळं रान आणि बैल एकच, सरदार. लिंबाजीमामांचं रान आमच्या बांधाला बांध लागून, चार एकर, त्यांचाही बैल एकच, मुन्शी. मुन्शी मान खाली घालून कागदावर काही लिहीत असल्यासारखा चालायचा, म्हणून ते नाव. एका बैलानं तिफण ओढली जात नाही, म्हणून सावड. ज्याच्याकडं एक बैल, त्यानं तसल्याच दुसऱ्याशी जोडी करायची. एक दिवस तुमचं रान, एक दिवस माझं. कागद नाही, साक्षीदार नाही. जू आमचं, तिफण त्यांची. लिंबाजीमामांच्या हाताला सुतारकी होती आणि त्यांनी केलेल्या तिफणीच्या नळ्यांतून दाणा कधी अडकायचा नाही. नाना, म्हणजे माझे वडील, आणि लिंबाजीमामा यांची ही सावड माझ्या जन्माच्या आधीपासूनची. पेरणीचा पहिला दिवस आमच्या रानात, दुसरा त्यांच्या. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला माहीत नाही. उन्हाळा हिवाळ्यानंतर का येतो असं कुणी विचारतं का? तसंच ते.

लिंबाजीमामांचं घर दीक्षा घेतलेलं, बुद्धवाड्यातलं. आमची त्यांची सावड बघून गावातले काही नाकं मुरडायचे. नाना त्यांना म्हणायचे, "बैलाला जात ठावं न्हाई." हे वाक्य मला लय आवडायचं, कॉलेजात मी ते दोन-तीनदा स्वतःचं म्हणून खपवलं. पण लिंबाजीमामा घरी आले की ओसरीच्या कडेला बसत, आणि त्यांचा चहा कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, निळ्या काठाच्या कपबशीत येई. पिऊन झालं की ते स्वतःच ती विसळून जागेवर ठेवत. हेही माझ्या जन्माच्या आधीपासूनचं, म्हणून मला ते दिसायचंच नाही. रोज ज्याला टेकून बसतो तो खांब कुठं दिसतो?

रब्बीची पेरणी हा आमच्या घरचा खरा सण. पाऊस सरलेला, उन्हात काळं रान वरून भेगाळायला लागलेलं, आत ओल. ती ओल चार-पाच दिवसांची पाहुणी. त्यात ज्वारी पडली तर पडली. माय पहाटेपासून धपाटे थापायची. ओल्या फडक्यावर थापलेला धपाटा तव्यावर पडला की चर्र आवाज आणि ओव्याचा वास. दह्याचं गाडगं, लसणाची चटणी, टोपलं डोक्यावर. रानात सरदार-मुन्शीच्या गळ्यातले घुंगरू, तिफणीचा करकर आवाज, आणि मागून तिफणीवरच्या वाटीसारख्या चाड्यात दाणे सोडत चालणारी माय. दुपारी बाभळीखाली जेवण. लिंबाजीमामा एक धपाटा खाऊन दुसरा हातात घेत आणि म्हणत, "वैनी, तुमच्या धपाट्यापायी मी सावड धरलीय. नानाचा बैल तर नुसता खायला काळ." नाना म्हणत, "आन् तुझा मुन्शी काय कलेक्टर हाय व्हय?" धपाटा त्यांना वरून, हाताला हात न लागता दिला जाई. हेही मला आज लिहितानाच दिसतंय.

मी तेव्हा पिंगळीहून पॅसेंजरनं परभणीला कॉलेजात जायची. संख्याशास्त्र. गावातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. आम्हाला काझी सर होते. बारीक, खोकणारे, पानाचा डबा जवळ बाळगणारे. त्यांनी कुठूनसं एक परदेशी पुस्तक मिळवलं होतं, आणि रोज थोडं वाचून त्याची टिपणं स्वतः स्टेन्सिलवर उतरवून ते आम्हाला हप्त्याहप्त्यानं वाटत. मराठीत त्या विषयाला कुणी द्यूतसिद्धांत म्हणतात. नानांना हा शब्द कळला असता तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं, म्हणून घरी मी 'खेळाचं गणित' म्हणायची.

पण सर शिकवत होते त्यात खेळाडू हुशार नसले तरी चालत. तीच त्यातली गंमत. सर म्हणत, "बेटा, माणूस लय विचार करून वागतो असं धरू नक्को. तो शेजाऱ्याचं बघतो. ज्याचं बरं चाललं त्याच्यासारखं वागतो. मग ती रीत पसरते. आणि एकदा सगळे तसंच वागाया लागले, की एखादा वेगळा वागणारा आला तरी त्याचंच नुकसान होतं. झाली रीत पक्की. चांगली म्हणून पक्की नाही हां, मोडणाऱ्याला महाग पडते म्हणून पक्की." मग ससाण्याचं आणि पारव्याचं उदाहरण. भक्ष्यावरून ससाणा मरेपर्यंत भांडतो, पारवा माघार घेतो. सगळेच पारवे असले तर एक ससाणा मजा मारतो. सगळेच ससाणे झाले तर एकमेकांना फाडून खातात. म्हणून कळपात दोन्ही उरतात, आणि किती उरतात ते गणितानं काढता येतं. मी घरी येऊन हे मायला समजावलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "पारवं माघार घेतेत व्हय? वळचणीला बघ जरा. सकाळधरनं दोन पारव्यांनी एकमेकांची पिसं काढायलीत." मी म्हटलं, हे नावापुरते पारवे. ती म्हणाली, "मंग नाव तरी नीट द्या की."

त्यातलं माझ्या डोक्यात शिरलं ते 'जशास तसं'. दोन माणसांना पुन्हा पुन्हा एकमेकांशी गाठ पडायची असेल तर सगळ्यांत टिकाऊ रीत कोणती? आपण सुरुवात चांगल्यानं करायची, आणि नंतर समोरच्यानं मागच्या वेळी जे केलं तेच आपण करायचं. तो आला तर आपण जायचं, तो चुकला तर आपणही एकदा चुकायचं, तो सुधारला की आपणही सगळं विसरायचं. संगणकावर भल्याभल्या कावेबाज रीतींना या साध्या रीतीनं मागं टाकलं होतं म्हणे. मला ते इतकं सुंदर वाटलं की पॅसेंजरच्या खिडकीशी बसून मी चार खणांचा तक्ता काढला, दोघं आले, दोघं नाही आले, एक आला, दुसरा आला, आणि मला उमगलं की ही तर आमची सावड! सरांना सांगितलं तर ते पान चावायचे थांबले. म्हणाले, "शाब्बास. याच्यावरच प्रबंध लिही. पण बाकीची टिपणं दिवाळीनंतर देतो. शेवटचा भाग अजून माझाच वाचून व्हायचा हाय." मी शेवटच्या भागासाठी थांबणाऱ्यातली नव्हते.

माहिती गोळा करायला मी वही घेऊन लिंबाजीमामांकडं गेले. ते त्यांच्या रानात नळ्या तासत बसले होते.

"मामा, समजा तुमी नानांच्या रानात आलात, आन् दुसऱ्या दिवशी नाना तुमच्याकडं आलेच न्हाईत, तर?"

"कामून न्हाई येणार?"

"समजा."

"तापबीप आला आसंल."

"ताप न्हाई. मुद्दाम आले न्हाईत."

त्यांनी वाकस खाली ठेवला. "मुद्दाम कामून न्हाई येतील, माय? काई झालंय का घरी?"

मी वहीत लिहिलं : उत्तर देणाऱ्यास प्रश्न समजला नाही. ती वही अजून माझ्याकडं आहे. ते वाक्य वाचलं की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

त्या साली नामांतराचं वारं पुन्हा तापलं होतं. विद्यापीठाला नाव देण्याचा ठराव होऊन कितीतरी वर्षं लोटली होती, आणि नाव काही मिळत नव्हतं. बुद्धवाड्यातली पोरं परभणीच्या मोर्चाला गेली. ती परत आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पारावर काही लोक बसले आणि वाड्याशी देणं-घेणं तोडायची भाषा सुरू झाली. गिरणीवर त्यांचं दळण मागं राहू लागलं. नाना पाराकडं फिरकले नाहीत. घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "आपल्याला पेरायचंय. आपल्याला काय करायचंय त्याचं." मी मान डोलावली. मला तर प्रबंध लिहायचा होता.

पेरणीचा दिवस ठरला होता. नाना सरदारला घेऊन रानात, मायच्या ओटीत बियाणं, टोपल्यात धपाटे. मीही वही घेऊन हजर. लिंबाजीमामांनी आदल्या दिवशी तिफण आणून बांधावर ठेवली होती. पण ते आले नाहीत. दिवस कासराभर वर आला, बाभळीची सावली आखडली, सरदार एकटाच जुवाखाली उभा राहून शेपूट हलवत होता. निरोपही नाही. दुपारपर्यंत वाट बघून आम्ही घरी आलो. माय म्हणाली, "जाऊन बघा की त्याच्याकडं. लिंबाजी आसा करणारा न्हाई." नाना सरदारला पाणी दाखवायला उठले. धपाटे आम्हीच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी आम्ही रानात पोचलो तर लिंबाजीमामा मुन्शीला घेऊन बांधावर उभे. पायाला गुडघ्यापर्यंत ओला चिखल. नाना जू उचलायला वाकले, आणि मी मधे बोलले. माझा आवाज मला अजून ऐकू येतो, पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा.

"नाना, आज न्हाई. काल ते आले न्हाईत, आज आपण न्हाई. एकच पाळी. उद्यापासून पहिल्यासारखं. न्हाईतर माणसाला सवय लागती."

लिंबाजीमामा नानांकडं बघत म्हणाले, "काय म्हणायली पोरगी?"

नाना सही करायच्या आधीसुद्धा कागद मला दाखवायचे. शिकलेल्या लेकीचा त्यांना इतका अभिमान होता. ते जू तसंच खाली ठेवून उभे राहिले. लिंबाजीमामांकडं न बघता म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे, लिंबाजी."

लिंबाजीमामांनी कालचं काही सांगितलं नाही. मुन्शीच्या पाठीवर हात फिरवला. "बरं," म्हणाले, आणि आले तसे वळले. रस्त्यानं नाही, ओढ्याच्या अंगानं. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं, नाही का? मी वहीत फुली मारत होते.

माझ्याच नियमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी आम्ही सरदारला घेऊन त्यांच्या बांधावर जायला हवं होतं; ते आले होते, आता आमची पाळी चांगलं वागायची. मी नानांना तसं सांगितलंही. पण त्या सकाळी आमच्या अंगणात पारावर बसणाऱ्या एका बड्या घरचा बैल येऊन उभा होता, न मागता, सोबत गडी. नाना म्हणाले, "आता बैल आलाच हाय तर पेरून घेऊ. लिंबाजीकडं उद्या जाऊ." न मागता बैल येतो तेव्हा तो कशाबद्दल आला हे विचारावं. आम्ही विचारलं नाही. आम्ही पेरलं, तेही बांधावर पडलेल्या लिंबाजीमामांच्याच तिफणीनं. त्यांनी ते पलीकडून बघितलं. उद्याचा परवा झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी बांधावर गेले तर लिंबाजीमामा आणि त्यांची बायको गयामामी दोघं खुरप्यानं जमीन उकरून एकेक दाणा टोकत होते, चार एकर. वरची ओल गेली होती. मी हाक मारणार होते. मग वाटलं, आता त्यांनी आधी यायला हवं, कारण तीन दिवसांचा हिशेब आता असा होता आणि तसा होता. ते तिकडून काय विचार करत होते कोण जाणे. माझ्यासारखं गणित तर नक्कीच नव्हते करत.

खरं काय ते मायला पिंगळीच्या बाजारात गयामामीकडून कळलं, पंधरा दिवसांनी. पहिल्या दिवशी लिंबाजीमामा मुन्शीला घेऊन निघाले होते. पाराजवळ त्यांना अडवलं. सांगितलं, तू ज्याच्या रानात पाय ठेवशील त्याचंही दळण बंद. म्हणून ते माघारी फिरले, आमच्यापायी. निरोप धाडायला कुणी माणूस मिळेना. आणि दुसऱ्या दिवशी अंधारात, ओढ्यातून, चिखलातून वळसा घालून आले, कुणी बघायच्या आत आमचं पेरून द्यावं म्हणून. माय हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. चुलीकडं बघत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "बाजारात ते मुन्शीलाच घेऊन आले व्हते. इकायला."

दिवाळीनंतर काझी सरांनी शेवटची टिपणं दिली. त्यात लिहिलं होतं की 'जशास तसं' या रीतीची एक खोड आहे. एखादी पाळी चुकून, नाइलाजानं हुकली, तर दोघं एकमेकांना शिक्षा करत बसतात आणि त्यातून बाहेर पडायची वाट त्या रीतीत नाही. म्हणून अधूनमधून, कारण नसताना, सोडून द्यावं. मी सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "बेटा, तू त्याला विचारलं कामून नाही?"

"टिपणांत विचारायचं लिहिलं नव्हतं, सर."

ते हसले नाहीत. मला वाटतं, आयुष्यात मी केलेल्या विनोदांपैकी हा एकच मुद्दाम केलेला नव्हता.

प्रबंध मी लिहिला. पहिला वर्ग मिळाला. त्यात लिंबाजीमामांचं नाव 'शेतकरी ब'. तोवर ते बायको-पोरांना घेऊन परभणीला निघून गेले होते. रान बटाईनं दिलं, आणि तिफण आमच्या बांधावरच राहिली. नानांनी ती उचलून गोठ्यात टांगली. पुन्हा कधी वापरली नाही.

चार-पाच वर्षं गेली. मी शिक्षिका झाले होते, संक्रांतीला गावी आले होते, आणि रेडिओवर बातमी लागली, विद्यापीठाला नाव मिळालं. बुद्धवाड्यात डफ वाजू लागला. मी नानांना म्हटलं, "चला, लिंबाजीमामांकडं तिळगूळ घेऊन जाऊ. मी माफी मागते. चूक माझी व्हती."

नाना सरदारच्या रिकाम्या दावणीजवळ बसले होते. म्हणाले, "तुझी नव्हती."

"माझ्याच गणितानं..."

"मला ठावं व्हतं, सुमे. पाराजवळ आडवलं त्याला, ते मला त्याच दिशी कळलं व्हतं. दुसऱ्या दिशी तो ओढ्यातून आला तवा मी भ्यालो. कुणी बघितलं तर? तेवढ्यात तू बोललीस. तुझं पुस्तक मला लय बेस सापडलं बघ. लिंबाजीला न्हाई म्हणायला मला तोंड नव्हतं, तुझ्या पुस्तकानं दिलं."

इतकी वर्षं मी स्वतःला एका मोठ्या चुकीची मालकीण समजत होते. त्यातही माझा थोडा तोरा होताच, की माझ्या विद्येनं एवढी मोठी गोष्ट मोडली. विद्येनं काही मोडलं नव्हतं. भ्यालेल्या माणसानं हाताशी आलेली काठी धरली, एवढंच; आणि काठी मी होते. नाना आले नाहीत. मी एकटीच गेले.

लिंबाजीमामा वखारीजवळच्या वस्तीत राहत होते, दारं-खिडक्या करत होते. गल्लीत निळे झेंडे, गुलाल, पोरांचा गलका. ते मात्र दाराशी पाटावर बसून रंधा मारत होते. मला बघून म्हणाले, "ये माय, सुमन. नानाची तब्येत बरी हाय का?" गयामामीनं चहा केला. मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच चहा प्याले, आणि हेही कप हातात घेतल्यावरच लक्षात आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तुझं ते पुस्तक झालं का लिहून? सावडीचं?"

"झालं, मामा. कवाचंच."

"मंग त्यात पहिला दिवस कोणाच्या रानात व्हता?"

मी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "त्यात पहिला-दुसरा नसतो, मामा. दोघं एकदमच खेळतेत. दोघं बरोबरीचे धरलेले असतेत."

ते हसले. रागानं नाही; कोवळ्या लाकडात गाठ निघाली की सुतार हसतो तसे. "बरोबरीचे? मंग ती दुसरी कोणती तरी सावड आसंल, माय."

मी तिफणीचं विचारलं, आणून देऊ का. "इथं फरशीवर पेरू व्हय?" म्हणाले, आणि रंधा पुन्हा उचलला. माफी राहून गेली. सोडून द्यायचं की नाही हे त्यांच्याकडं होतं, आणि त्यांनी काय ठरवलं ते मला अजून माहीत नाही.

घरी आले तेव्हा नाना ओसरीवर होते. माय आतून दारात आली.

"भेटला?" नानांनी विचारलं.

"भेटले."

"चहा दिला का त्यानं?"

"दिला."

नाना पुढं झुकले. "कशात?"

"कशात म्हणजे? घरच्या कपात. ते पितेत तसल्याच."

नानांची नजर कोनाड्याकडं गेली. निळ्या काठाची कपबशी तिथंच होती, बशीत धूळ, कपात कोळ्याचं जाळं. "धू ती," ते मायला म्हणाले. मायनं ती उचलली, राख लावून घासली, दोनदा खंगाळली, पदरानं कोरडी केली. आणि हात आपोआप वर जाऊन तिनं ती पुन्हा कोनाड्यातच ठेवली. ठेवल्यावर ती थांबली. आम्ही तिघांनीही ते बघितलं.